सान्वी कोणाकडे जाते

डोंबिवलीत दोन खोल्यांत अठरा वर्षं पाळणाघर चालवणाऱ्या विमलाबाईंचा गोड बोलणाऱ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यात मृणाल फारच गोड बोलायची. माजिवड्याच्या कुठल्याशा संस्थेत संशोधन करणारी ही मुलगी म्हणे मोजणार होती, मुलाला आईचा किती आधार वाटतो ते. हातात ना काटा ना टेप, आणि मोजणार.

पाळणाघरातल्या एक वर्षाच्या सान्वीची आई ऐश्वर्या लगेच तयार झाली. वर "काकू, तुम्ही पण चला" म्हणाली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे विमलाबाईंनी तिथेच ओळखलं. गेल्या साली छोटा नयन त्यांना आई म्हणाला आणि आठवड्याच्या आत त्याच्या आईने त्याला दुसरीकडे घातलं. सान्वी तर संध्याकाळी घरी जाताना विमलाबाईंचा पदर सोडायची नाही. हे त्या मोजणीत कागदावर आलं की ही पोरही जाणार. आणि हिच्यावर त्यांचा जरा जास्तच जीव होता.

संस्थेतल्या खोलीत चार खेळणी आणि दोन खुर्च्या होत्या. एका भिंतीला आरसा, पण पलीकडून बघितलं तर काच. तिच्यामागे मृणाल आणि विमलाबाई बसल्या. ठरल्याप्रमाणे ऐश्वर्या उठून बाहेर गेली आणि सान्वीने भोकाड पसरलं. मृणाल शांतपणे लिहीत होती.

"रडणं मोजतेस होय?"

"नाही काकू. आई परत आल्यावर ती काय करते, ते बघायचंय. आता पाठवतेच आईला आत."

विमलाबाईंना ते खरं वाटलं नाही. शिवाय मूल रडलं की तव्यावरची पोळी टाकून धावायचं, हा त्यांच्या पाळणाघराचा नियम. त्या दार ढकलून आत शिरल्या आणि त्यांनी सान्वीला उचललं. टेस्टचं वाटोळं झालं ते झालंच.

पण सान्वी थांबेना. त्यांच्या छातीवर हात रोवून ती मागे रेलली आणि दाराकडे बघून रडत राहिली. ऐश्वर्या धावत आली तशी तिने आईकडे झेप घेतली, मानेत तोंड खुपसलं, दोन हुंदके दिले आणि जरा वेळाने खाली उतरून चेंडूमागे रांगत गेली.

"काकू, खरं सांगू?" ऐश्वर्या म्हणाली. "मला वाटलेलं, ती तुमच्याकडेच जाईल. पुढच्या महिन्यापासून मी तिला दुसरीकडे ठेवणार होते. आता नाही ठेवत."

म्हणजे संशय खरा होता आणि पोरही राहिली. विमलाबाईंना हवं तेच झालं होतं.

"बरं झालं गं," त्या म्हणाल्या, आणि चपला घालायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडल्या.