भांड्याभोवतीची प्रदक्षिणा

माधवीताई भांडे कधी फिरवत नसत. स्वतः त्याच्याभोवती फिरत. द हेगमधल्या एका लिलावघरात त्या विक्रीच्या वस्तूंचे फोटो काढत. फिरते टेबल हाताशी होते, तरी वस्तू उजव्या हाताला ठेवून त्या कॅमेऱ्यासकट प्रदक्षिणा घालत. डच सहकारी हसले की म्हणत, "देवळात आपण देवाला फिरवतो का?"

हार्लेम शहरात त्या आमच्या शेजारी राहत. नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, व्हिसावर पुण्याहून आल्या आणि पहिली काही वर्षे घरीच होत्या. नोकरी लागल्यावर चिनी भांड्यांवर त्यांचा जीव जडला: कुंचले ठेवायची, बांबूची, बाहेरून कोरीव. त्यांवर दंतकथांतल्या चार सुंदऱ्या वरचेवर दिसतात. त्यांची आवडती झाओजून. सम्राटाने तिला उत्तरेकडच्या टोळीप्रमुखाला देऊन टाकले. वाटेत तिला पाहून रानहंस पंख हलवायचे विसरले आणि खाली पडले, अशी कथा.

"बाकीच्यांपायी राज्यं बुडाली," ताई म्हणत. "ही आपली डिपेंडंट व्हिसावर गेली."

पुढे श्रीरंगला पुण्यात मोठे पद मिळाले. मुलगी इरासह तिघे परत येतोय, असे त्याने आईवडिलांना कळवूनही टाकले. ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मी लिलावाच्या बातमीसाठी त्यांच्या लिलावघरात गेले होते. टेबलावर झाओजूनचे भांडे होते. घोडा पुढे चाललेला, तिची मान मागे वळलेली. ती माहेराकडे बघते आहे, असे तिथल्या तज्ज्ञाने सांगितले. ताईंनी एक फेरी घातली, मग आणखी एक. मागच्या बाजूला नुसते डोंगर होते, रिकामी वाट होती.

"माहेराकडे नाही," त्या मला मराठीत म्हणाल्या. "मागून कोणी येतंय का, ते बघतेय."

संध्याकाळी त्यांनी श्रीरंगला सांगितले की त्या आणि इरा इथेच राहतील. आधी सांगायचे होतेस, एवढेच तो म्हणाला. आधी विचारायचे होतेस, असे त्यांचे उत्तर. आवाज कोणाचाच चढला नाही.

त्याला सोडायला स्किपोल विमानतळावर मीही गेले. तपासणीच्या रांगेत तो पुढे सरकला आणि वळला. इराने हात हलवला.

"बघ," ताई मला हळू म्हणाल्या, "मागून कोणी येतंय का, ते बघतोय."

तो दिसेनासा होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.