लाल शाई लागलेली चेन

मंगळवार, सकाळ. पोलीस ठाण्यात हजर: मी, आमच्या महिला हवालदार, नवरीचे वडील, त्यांचा चुलतभाऊ आणि नवरीची मावशी. टेबलावर नवरीची प्रवासी बॅग, कुलूप शाबूत. निवृत्त झालो तरी तो प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही.

आदल्या दिवशी असोद्याला लग्न होतं. पाठवणीच्या वेळी बॅग उघडली, तर दागिन्यांचा डबा गायब. बॅगेच्या चेनचे दोन्ही रनर जुळवून त्यांत छोटं कुलूप घातलेलं होतं आणि किल्ली दिवसभर मावशीकडे. मावशी धुळ्याकडच्या, विधवा. आईविना पोर त्यांनीच वाढवलेली. त्यात ठाण्यात निनावी फोन आला, 'मावशीची झडती घ्या.' झडतीत काही निघालं नाही. तरी वडील म्हणाले, "आता माह्या दारात पाय ठेवू नका."

मी मावशींना विचारलं, "किल्ली मध्ये कुणाला दिली होती?"

"नही साहेब. मनाजोडेच व्हती. कोनावर ढकलू?"

खोटं बोलणारा पहिल्यांदा पळवाट धरतो. मी समोर ठेवलेली पळवाट या बाईंनी नाकारली, किल्ली आपल्याजवळच होती म्हणाल्या. तिथेच माझा संशय फिटला. पुरावा मात्र हवा होता.

तो शोधला हवालदार बाईंनी. बॅग खिडकीपाशी नेऊन त्यांनी चेन बोटाने चाचपली. एका जागी दातांत लाल शाई होती. लग्नात लाल पेन होता आहेरांवर नावं लिहिणाऱ्या चुलतभावाच्या खिशात.

बाईंनी स्वतःच्या बॅगेला तसंच कुलूप घातलं आणि पेनचं टोक चेनमध्ये खुपसलं. चेन फाकली, हात जाईल एवढी. मग कुलपासकट रनर त्यावरून फिरवले. चेन पुन्हा जशीच्या तशी.

"भाऊ, किल्ली लागलीच नाही. पेन दाखवता?"

चुलतभावाने चोरी कबूल केली. फोनही त्यानेच केला होता. डबा त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत मिळाला.

तेव्हापासून पंचनाम्यात मी कुलपाआधी चेन बघायला सांगत असे, आणि किल्ली ज्याच्याकडे, तोच चोर, असं धरून कधी चाललो नाही.

वडील त्याच दिवशी म्हणाले होते, धुळ्याला जाऊन मावशींना मानाने घरी आणतो. परवा बाजारात भेटले. मी विचारलं.

"जायाचं हाये साहेब. केळीचा माल कटला का जातो."

तेव्हापासून केळीची कापणी किती वेळा झाली. धुळ्याला जाणं बाकीच आहे.