पोलीस स्टेशनात नेलेलं नाटुकलं

मी परदेशी जायला निघालो. एस.टी. सुटली तेव्हा साताऱ्याच्या स्टँडसमोर आमच्या मंडळाच्या गणपतीची आरती चालू होती. आणीबाणीचं दुसरं वर्ष. मूर्तीच्या डोक्यावर वीस कलमी कार्यक्रमाचा भलाथोरला फलक, आणि दर वर्षी नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाटुकलं व्हायचं तिथे नसबंदीचा देखावा.

नाना शाळामास्तर. नगराध्यक्षांची टर उडवल्याशिवाय त्यांचा गणेशोत्सव पार पडत नसे, आणि नगराध्यक्षही पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसत. पण आदल्या वर्षी नाटुकलं मंजुरीसाठी चौकीत द्यावं लागलं. नानांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. कागद परत मिळाले तेव्हा नांदी तेवढी शिल्लक होती. नानांनी लिहिणंच सोडलं. एस.टी. सुटायच्या आधी ते खिडकीशी आले, मागे कोण उभं आहे ते वळून पाहिलं आणि मला म्हणाले, "पत्रात हवापाणी लिही. बाकी काही नको." घर सुटल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगतो मंडळींनो, हायसंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

पुढे काही वर्षांनी इथे परदेशात, शॉमबर्ग गावी, आम्ही पंधरा मराठी घरांनी शाळेचा हॉल घेऊन गणपती बसवला. नाटुकलं मी लिहिलं. त्यात इथल्या मेयरची थोडी खेचली होती. मग हाफ डे टाकून त्याचं इंग्रजी भाषांतर टाइप केलं, तीन कॉप्या काढल्या आणि थेट पोलीस स्टेशन गाठलं. बायको म्हणाली, "अहो, इथे कोण अप्रूव्हल मागतंय?" पण मी ऐकतोय कुठला!

काउंटरवरच्या ऑफिसरने पान उलटलं आणि विचारलं, याचं मी काय करू? म्हटलं, चालणार नाही ते खोडा. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, माणसं किती येणार? आग लागली तर बाहेर पडायला वाट मोकळी ठेवा. बस्स. कागद जसेच्या तसे परत. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी लहान मुलासारखा रडलो.

नंतर एका उन्हाळ्यात नाना आमच्याकडे आले. आणीबाणी केव्हाच उठली होती, पण त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली नव्हती. मी त्यांना हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत.

"तुझं नाव लिहून घेतलं त्यांनी?"

"नाही."

"पत्ता?"

"नाही, नाना."

मग नाना म्हणाले, "इथल्या मंडळाचा अध्यक्ष कोण?"

"मीच."

"कागद आण. तुझीच उडवतो."

गणपतीत माझी अशी काही उडाली, की लेकीच्या मैत्रिणीसुद्धा मला वर्षभर 'मिस्टर प्रेसिडेंट काका' म्हणत होत्या.

आता मी रिटायर्ड आहे. नाना नाहीत, साताऱ्याचं घरही विकलं. पण घर म्हटलं की मला तो शाळेचा हॉल दिसतो. नाना पहिल्या रांगेत बसून स्वतःच्याच वाक्यांना खो खो हसताहेत, आणि मागे कोण बसलंय ते एकदाही वळून बघत नाहीत.