माझ्या रक्तातली पलटण

रेल्वेतून निवृत्त झालो आणि मला हार्ट अटॅक आला. खरं सांगतो, एवढं महत्त्व मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. इकडे हिंदी मुलखात, दतिया गेटपाशी आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. सारखा जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी अगदी तंतोतंत पाळल्या. दूध, भाजी, दळण, सगळं बायको वर आणू लागली. वर आली की चौकटीला टेकून धापा टाकायची. "अगं, हळू चढत जा, तुझं ऐकून मला धडधडतं," असं मी म्हणायचो. मला!

एकदा तपासणीला गेलो, तर तिथल्या डॉक्टरीणबाई हृदयरोग्यांच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. त्या म्हणाल्या, रक्तात फिरणारे कोलेस्टेरॉलचे कण कधीकधी बिघडतात, तेल खवट होतं तसे. शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. तुमच्या रक्तात त्या किती आहेत ते बघायचंय.

"अच्छी चीज़ है ना?" मी विचारलं.

"वही तो अभी पक्का पता नहीं, बाबूजी," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मी आपलं सोयीचं तेवढं ऐकलं.

"माझ्या रक्तात पलटण उभी आहे, पलटण!" घरी येऊन मी जाहीर केलं. "त्या खवट कणांची काय बिशाद!"

"मग त्या पलटणीला सांगा खालून दूध आणायला," बायको म्हणाली. आणि पिशवी घेऊन स्वतःच गेली.

रक्त द्यायला उपाशी पोटी बोलावलं होतं आणि नेमकी त्या दिवशी एकादशी आली. म्हटलं, वा, सोन्याहून पिवळं! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर दोन केळी, असा कडकडीत उपास करून मी हजर झालो. रक्त काढणाऱ्याने विचारलं, "खाली पेट हैं ना?"

"एकादशी है, भैया," मी छाती काढून म्हणालो. "सुबह से बस खिचड़ी ली है।"

त्याने सुई खाली ठेवली. मागची अख्खी रांग हसली.

दुसऱ्या दिवशी बायको पहाऱ्यालाच बरोबर आली. डॉक्टरीणबाईंना तुलनेसाठी आमच्या वयाची धडधाकट माणसंही हवी होती. मी लगेच बायकोला पुढे केलं. "इनको लीजिए. इनको कभी कुछ नहीं होता।"

धडधाकट असल्याची खात्री म्हणून आधी तिचा कार्डिओग्राम काढला. बाईंनी कागद पाहिला, पुन्हा काढायला लावला, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, दम लागतो का?

"साल भर से," बायको म्हणाली. "जीने पर. कभी बाँह भी दुखती है।"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "अगं, मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला धडधडतं ना," ती म्हणाली. "म्हटलं, घरात एक पेशंट पुरे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. ही गेली तर मी काय करणार, हा विचार, इतकं आजारपण काढूनही, मला पहिल्यांदाच शिवला.

त्याच दिवशी तिला ग्वाल्हेरला नेलं. आज ती शेजारी बसून हे वाचते आहे म्हणून मी थट्टा करू शकतो. दूध आता मी आणतो, एकेका पायरीवर थांबत. पण त्या दिवशी ऑपरेशनसाठी तिला आत नेत होते तेव्हा मी स्ट्रेचरची कड धरून चालत होतो. स्ट्रेचरवरून तिने मान वळवली.

"अहो, सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका. गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत."