आईनं जगवलेली सशाची पिल्लं

मंडळी, मी नव्वदीची बाई बोलतेय, नात मोबाइलवर लिहून घेतेय. आज सकाळी तिनं बांधावर सापडलेलं सशाचं पोरकं पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं आणि मला माझी आई आठवली.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आम्ही धसई गावाजवळ राहायचो. माझा तान्हा भाऊ तापानं गेला आणि आईनं अंथरूण धरलं. बोलेना, जेवेना. मला वाटायचं, आता आई पण जाणार.

एका संध्याकाळी बाबा गवत कापून आले. त्यांच्या मुंडाशात सशाची दोन पिल्लं होती. त्यांची आई कुत्र्यांनी मारली होती. बाबांनी ती आईजवळ ठेवली.

"कशाला आणलीत? जगायची नाय ती."

"तू पाजलंस तर जगतील गो."

आई बराच वेळ बघत राहिली. मग उठून बसली. मला म्हणाली, "शेळीचं दूध आण थोडं. कापूस पण आण."

कापसाची वात दुधात बुडवून ती थेंब थेंब पाजायची. पिल्लांसाठी उठता उठता ती चुलीपाशी बसू लागली, माझी वेणी घालू लागली.

पिल्लं मोठी झाल्यावर आम्ही तिघांनी ती माळावर सोडली. ती गवतात दिसेनाशी झाली आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच आई मोठ्यानं रडली. बाबांनी तिला रडू दिलं. परतताना तिनं माझा हात घट्ट धरला होता.

ती पिल्लं आणून बाबांनी मला माझी आई परत दिली. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या घरात असं कुणाला कुणी उठवून बसवलंय का?