उजवीकडचं चाक

"हात लावा, मग बोला," असं ते म्हणायचे. गाडीची तक्रार सांगायला आपण तोंड उघडलं, की आपलं मनगट धरून सरळ टायरवर ठेवायचे. खटखट आवाज येतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, असलं काही त्यांना तोंडी ऐकायचंच नसे. पुढचं चाक जॅकवर उचललेलं असे. त्याच्या दोन्ही अंगांना तळहात लावून हलवायला सांगत. आत कुठेतरी टक टक लागलं की विचारत, "लागलं? आता सांगा, काय म्हणत होते."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नांदेडच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना मामा म्हणत. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मुदखेडकडचे. मुलगा बँकेत, त्याने इथे घर बांधलं आणि वडिलांना आणलं. येताना मामांनी पान्यांची एक पत्र्याची पेटी आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा लाकडी ठोकळा आणला. कॉलनी मास्तरांची आणि कचेरीतल्या लोकांची. सगळ्यांच्या गाड्या कुणाच्या तरी जुन्या, आणि आपले रस्ते तर तुम्हाला ठाऊकच आहेत. सहा महिन्यांत मामांचं अंगण म्हणजे रविवारचा दवाखाना झाला.

ठोकळा गाडीखाली सरकवल्याशिवाय ते आत डोकं घालत नसत. म्हणायचे, "जॅक म्हंजी पाव्हना. कवा उठून जाईल, सांगता येत न्हाई."

आमच्याकडे जास्त झिजायचे ते टाय रॉड एंड. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो तिथला हा सांधा. तो झिजला की स्टिअरिंग ढिलं पडतं, आणि पार निसटला तर चाक आपल्या मनाने वळतं. मामा तो दोन ठोक्यांत सोडवायचे. मग जुना सांधा फिरवून काढताना फेऱ्या मोजत, आणि त्याही तेलुगूत, कारण त्यांचे उस्ताद धर्माबादचे. "ओकटी, रेंडू, मूडू..." जितक्या फेऱ्यांत जुना निघाला तितक्याच फेऱ्यांत नवा चढवायचा, म्हणजे चाक जवळपास सरळ राहतं. गाडीच्या मालकानेही शेजारी बसून मोजायचं. एकदा माझ्या अठरा झाल्या आणि त्यांच्या सतरा. त्यांनी जुना परत चढवला आणि पुन्हा काढला. सतराच निघाल्या.

"सर, तुमी इतिहासवाले," ते म्हणाले. "येखादं वरीस इकडंतिकडं चालत आसंल तुमाला."

एवढं सगळं फुकट. त्याबदल्यात आम्ही काय करायचो, तर चहा पाजायचो. तो चहा आमच्या घरून त्यांच्या अंगणातच जायचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर. हात काळे आहेत म्हणून घरात बोलावलं नाही, असं आम्ही म्हणायचो. हात धुतल्यावरही कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. माझ्या घरानेही नाही.

आता त्या रविवारचं सांगतो. कॉलनीत आमच्या कॉलेजचे उपप्राचार्य राहायचे. मी तेव्हा चाळिशीला आलो तरी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. कोणाला किती तास द्यायचे हे त्यांच्या हातात. त्यांची गाडी मामांकडे आली, की मी न बोलावता जायचो. ही हुजरेगिरी होती, आणि ती तेव्हाही मला कळत होती.

गाडीचे दोन्हीकडचे सांधे गेलेले होते. डावा बदलून झाला. उजव्यासाठी पुडकं फोडलं तर दुकानदाराने दोन्ही डावेच दिलेले. मामांनी नाइलाजाने जुनाच परत बसवला आणि उपप्राचार्यांना म्हणाले, "साहेब, हात लावा."

उपप्राचार्यांचा शर्ट पांढरा होता. ते मला म्हणाले, "तुम्ही बघा हो जरा."

मी उकिडवा बसलो आणि चाक हलवलं. टक टक नाही, चांगली खडखड होती. हाताला भीती वाटावी इतकी.

"लागलं ना सर?" मामा म्हणाले. "साहेब, उजवीकडचा आनंस्तोवर गाडी गावाभाईर काढू नका. म्या सांगून ऱ्हायलो. लई खराब हाय."

"हो हो, बघू," मोबाइलवरून नजर न उचलता उपप्राचार्य म्हणाले.

चौथ्या दिवशी ते बायकोला घेऊन लातूरला लग्नाला निघाले. अहमदपूरच्या अलीकडे वळणावर उजवं चाक फिरलं आणि गाडी शेतात उतरली. त्यांना खरचटलं. बाईंच्या कमरेचं हाड मोडलं. सहा महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि पुढे चालल्या त्या काठीनेच.

गणपतीच्या शेडमध्ये कॉलनीची बैठक भरली. उपप्राचार्यांनी सांगितलं, मामांनी काम पूर्ण झालं म्हणून गाडी दिली. एरवी रविवारी पहाटेच नंबर लावणारे लोक म्हणू लागले, की असल्या अंगणातल्या मेस्त्रीवर विसंबायचंच कशाला. मामा मागे उभे होते. बाजूला त्यांचा मुलगा, मान खाली घालून.

"म्या सांगितलं होतं," मामा म्हणाले. "सर होते की तिथं. त्यांनीच हात लावला. इचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले. उपप्राचार्यही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच पुरेसं होतं.

मी म्हणालो, "मी होतो, पण मला गाडीतलं काही कळत नाही. काय बोलणं झालं, ते नीट लक्षात नाही."

मला शब्द न शब्द आठवत होता. आजही आठवतो. मामांनी मला भर सभेत शिवी दिली असती तर मी त्यांचे उपकार मानले असते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाले, "बरं. न्हाई ऱ्हायलं त्यांच्या लक्षात." मग चपला घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाने पेटी माळ्यावर टाकली. "बस झालं आता, बाबा. किती शोभा करून घ्यायची," एवढंच तो म्हणाल्याचं शेजारून कळलं. अंगणात पुन्हा गाडी आली नाही. मामा दारात बसलेले असायचे. मी दिसलो की पहिल्यासारखंच "रामराम सर" म्हणायचे, म्हणून मी मागच्या गल्लीने जायला लागलो.

पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो. उपप्राचार्यांनी उघडपणे काही बोलून दाखवलं नाही. तशी गरजही नव्हती. कॉलनीत पेढे वाटताना मामांचं एक घर वगळणं फारच उठून दिसलं असतं, म्हणून तिथेही गेलो. त्यांनी पेढा घेतला. म्हणाले, "लई चांगलं झालं. घरच्यांला निवांत झालं आता." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

वर्षभराने ते मुदखेडला भावाकडे राहायला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. कॉलनीने शोकसभा ठेवली, त्याच शेडमध्ये. सर चांगलं बोलतात, म्हणून मला बोलायला सांगितलं. मी दहा मिनिटं बोललो. उस्ताद, तेलुगू आकडे, जॅक म्हणजे पाव्हना, सगळं सांगितलं. लोक हसले, बायकांनी डोळे पुसले. उपप्राचार्य आता प्राचार्य झाले होते. पहिल्या रांगेत बसून त्यांनीही मान डोलावली.

सभा संपल्यावर मुलगा माझ्याजवळ आला.

"सर, एक विचारू का? तुमी होते तिथं म्हणून. बाबा शेवटपोत्तर म्हणायचे, म्या सांगितलं होतं. मी काही मानलं न्हाई. लई बोललो त्यांना. त्यांनी खरंच सांगितलं होतं का?"

प्राचार्य चार पावलांवर चहा घेत उभे होते. माझी नोकरी कायम होती. ते माझं काही म्हणजे काही वाकडं करू शकत नव्हते.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आता कशाला ते. देवमाणूस होता तुझा बाप."

 त्याने मान हलवली.

"म्हंजी न्हाईच," तो स्वतःशीच म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.