एक हात पाठीमागे

भोंगेदादांचा डावा हात कायम पाठीमागे, कमरेवर दुमडलेला असायचा. चहा घेताना, बिडी ओढताना, रस्त्यात भेटल्यावर जयभीम करताना, सगळं काही उजव्यानेच. नवख्याला वाटे, माणूस अधू आहे. पुढाऱ्याला वाटे, माणूस उर्मट आहे. दोघांचाही गैरसमज दूर करण्याची तसदी दादांनी कधी घेतली नाही.

कारण मी एकदा विचारलं. दादा आमच्या मंडळाचं लाउडस्पीकरचं मशीन सांभाळत. लग्न असो की सभा, भोंगे बांधणारे तेच. म्हणाले, "मास्तर, चालू मशीनमंधी एक हात घातला तर झटका बसते, पण माणूस वाचते. दोन्ही हात लागले का करंट काळजातून जाते. म्हून याले सवयच लावली, माघंच राहाय म्हणून." मग हसून म्हणाले, "अन् पुढाऱ्याईचं बी तसंच हाय. दोन्ही हात एकदम द्याचे नाही."

एवढा जपणारा माणूस, पण मशीनचं झाकण मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं होतं. आत ओळीने काचेचे वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, लाल होऊन जळत, ट्रान्सफॉर्मर शेगडीसारखा तापे. "तुमी उन्हाळ्यात सदरा काढता का नाही? मंग त्याले काहून कोंडता?" हा त्यांचा सिद्धांत. ते जाळीदार झाकण त्यांच्या बायकोने कोंबडीच्या पिल्लांवर पालथं घातलं होतं. मशीन उघडं, पिल्लं झाकलेली, अशी त्या घरातली व्यवस्था होती.

ते मशीन आमच्या वस्तीला किती मोलाचं होतं, हे सांगायला हवं. त्याआधी गावात एकच लाउडस्पीकर होता, वरच्या आळीतल्या एका बड्या घराचा. तो भीमजयंतीच्या दिवशी नेमका बिघडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पूजेला ठणठणीत वाजायचा. यंत्राला तिथी कळते, हे मला तेव्हा समजलं. शेवटी वस्तीने स्वतःचं मशीन आणलं. ज्या दिवसाची ही गोष्ट, ती आमच्या मशीनवरची पहिली जयंती. मध्येच आवाज गेला असता, तर वरच्या आळीला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं असतं.

एप्रिलचं ऊन. दुपार कलली तरी मांडवाखाली भट्टी. तालुक्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना दादांनी एका हाताने जयभीम केला. त्यांनी भुवया चढवून मला विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "आपला आवाज यांच्या हातात आहे." पाहुणे गप्प झाले, पण माइक हाती आल्यावर त्याची भरपाई करू लागले. 'दोनच शब्द' म्हणून सुरू झालेलं भाषण त्यांच्या बालपणातून बाहेर पडेना.

मंचाच्या कडेला दादा मशीनपाशी उभे होते. मधूनमधून उजव्या हाताची पालथी बाजू ट्रान्सफॉर्मरला लावून बघत, लेकराचा ताप बघावा तशी. डावा पाठीमागे. त्यांनी मला मानेने खूण केली: थांबवा यांना. मी चिठ्ठी दिली. पाहुण्यांनी ती न वाचता खिशात घातली. बहुधा सत्काराची वाटली असावी. आता ट्रान्सफॉर्मरच्या जळक्या वार्निशचा वास माझ्यापर्यंत येऊ लागला. दादांच्या कपाळावरचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता आणि उजवा हात मशीनमध्ये, डावा पाठीमागे, त्यामुळे त्यांना तो पुसताही येत नव्हता. मशीन बंद करावं तर आवाज जाणार. चालू ठेवावं तर मशीनच जाणार.

पुढच्या रांगेत राधामाय बसली होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिनेही तो वास घेतला. आमच्याकडे उन्हाळ्यात जे तापतं त्याला ओलं फडकं गुंडाळतात. माठाला, दुधाच्या पातेल्याला, तापल्या पोराच्या डोक्याला. ती उठली, पाण्याच्या रांजणावरचं निथळतं फडकं उचललं आणि मशीनपाशी आली. "किती तापलं रे बापा हे लेकरू," म्हणत तिने ते उघड्या मशीनवर धरलं.

दादांचा उजवा हात तेव्हा आतच होता. तो काढायला उसंत नव्हती. पाठीमागचा डावा हात पुढे आला आणि त्याने ते फडकं तिच्या हातातून फटकन उडवलं. भोंग्यातून एक किंकाळी निघाली. माणसाची होती की मशीनची, मला अजून सांगता येत नाही. मी धावत जाऊन वायर उपटली. दादा जमिनीवर पडले होते.

सगळं चिडीचूप झालं. फक्त पाहुणे, आवाज गेल्याचं ध्यानात न येऊन, बालपणीच्या विहिरीविषयी सांगत होते.

कुणीतरी दादांच्या तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, "वाल फुटले का?"

"नाही," मी म्हटलं.

राधामाय ऊर बडवून रडत होती. "म्या मारलं असतं रे तुले, म्या!"

"तुमी कायले रडून राह्यल्या, माय?" दादा कसेबसे बोलले. "तुमी तर ओलं फडकंच आनलं. झाकन म्या काढलं व्हतं." आणि बायकोकडे वळून म्हणाले, "पिल्लं सोडून दे आता."

तिने झाकण आणलं, पिसं झटकली. मशीन उन्हात वाळवलं, दोन विटांवर ठेवलं म्हणजे खालून वारा जाईल, वरून जाळीचं झाकण लावलं. दिवेलागणीला दादांच्या सांगण्यावरून मी खटका दाबला. घुंई आवाज आला. भोंगा जिवंत होता. पाहुण्यांनी माइककडे हात केला, तेव्हा दादा पडल्या पडल्या म्हणाले, "आधी राधामायले द्या."

राधामायने विंचवाकडे बघावं तसं माइककडे लांबून बघितलं. मग तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाली, "जयभीम." वरच्या आळीपर्यंत ते ऐकू गेलं.

कार्यक्रम रात्रीपर्यंत चालला. झाकण लावलेलं मशीन उघड्यापेक्षा तसूभरही जास्त तापलं नाही. दादांनी हात लावून बघितलं, काही बोलले नाहीत. सिद्धांत मोडल्यावर गप्प बसणारे विद्वान मी नंतरही फार बघितले नाहीत.

डाव्या हाताची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. पुढे दादा मुलाकडे अकोल्याला राहायला निघाले. रिसोडच्या एसटी स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. गाडी लागली. दादांनी पाठीमागचा हात पुढे घेतला आणि पहिल्यांदाच दोन्ही हातांनी मला जयभीम केला. आखडलेल्या बोटांमुळे तळवे नीट जुळेनात, मध्ये फट राहिली. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "हवेले जागा पायजे."